भीतीला चेहरा विचारणारे तांदळे सर

तांदळे सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या एका छातीठोक चुकीमुळे. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. बीडच्या आमच्या कॉलेजात मराठीच्या पेपरला एक जुनी, नावाजलेली कादंबरी लावलेली होती आणि सरांनी आम्हाला तिची सुरुवातीची प्रकरणं वाचून यायला सांगितलं होतं. कादंबरीचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ही सरांचीच शिकवण. नाव कळलं की माणसं पुस्तक सोडून गाईड शोधायला लागतात, असं ते म्हणतात.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक गाव आहे. गाव आणि बाजार यांच्या मध्ये एक घळ आहे. घळीत 'काहीतरी' आहे असं गाव मानतं, म्हणून सगळे जण डोंगराला वळसा घालून बाजाराला जातात. आजारी माणूसही त्याच वळशाने दवाखान्यात नेतात. सोयरिकी जुळवतानासुद्धा घळीपलीकडची पोरगी नको, असं म्हणतात. पुस्तकभर एवढंच चालतं, पण वाचणारा रात्री दिवा विझवायला धजत नाही.

त्या दिवशी सर वर्गात आले, हजेरी न घेताच खुर्ची बाजूला सरकवून उभे राहिले आणि म्हणाले, "घळीत जे आहे ते दिसायला कसं आहे? कुणी सांगेल?"

मी हात वर केला. मी पालीजवळच्या वस्तीवरची, मेंढपाळाची मुलगी. अंधाराशी आपली जुनी ओळख आहे, अशी माझी समजूत होती. मी सांगितलं, "काळं आहे सर. अंगावर लोकर आहे आणि चालताना पावलं वाजत नाहीत." मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ते पांढरं आहे आणि त्याचे पाय उलटे आहेत. माझ्या शेजारणीच्या मते ती बाई होती, ओल्या लुगड्यातली. जो तो शपथेवर सांगत होता. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता ते पान काढून दाखवा."

तास संपेपर्यंत आम्ही पानं उलटत होतो. लोकर नाही, उलटे पाय नाहीत, ओलं लुगडं नाही. लेखकाने त्या गोष्टीचं एका ओळीचंही वर्णन केलेलं नाही. सगळे तोंडं पाडून बसले. सर मात्र खुशीत होते. "पुस्तकात नाही, मग आलं कुठून? तुम्ही घरून आणलंत. डब्याबरोबर," असं म्हणून ते हसले. त्या हसण्यात आम्हाला मूर्ख ठरवल्याचा भाव नव्हता. जे घरून आणलंय ते आता बाकावर काढून ठेवा, आपण बघू, असा भाव होता. साहित्य शिकवणं म्हणजे काय, हे मला त्या तासाला कळलं. आज मी त्याच कॉलेजात तेच शिकवते.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. पण तो काढायचं ठरलं तेव्हाची परिस्थिती इथे लिहायला हवी, कारण या लेखाचं सगळं मूळ तिच्यात आहे. गेल्या वर्षी सरांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हातापायांना फारसं काही झालं नाही, पण जीभ जड झाली. औषधं झाली, व्यायाम झाले, आणि डॉक्टरांनी बोलणं पूर्ववत झाल्याचं सांगितलं. घरात सर व्यवस्थित बोलत. चारचौघांत मात्र तोंड उघडेनात. ज्यांच्या आवाजावर आमच्या पिढ्या वाढल्या ते सर पुन्हा वर्गात, सभेत, माणसांत बोलतील की नाही, या काळजीने आम्ही सगळे विद्यार्थी ग्रासलो होतो. सत्कार करायचा आणि सत्कारमूर्तींनी नुसतं नमस्कार करून बसायचं, ही कल्पनाच सहन होत नव्हती.

त्याकडे वळण्याआधी सरांच्या कामाविषयी सांगते. भीती हा सरांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्या कादंबरीत राक्षस नाही, भूत नाही, खलनायकही नाही. तरी एक ताकद सबंध गावाला हाताच्या इशाऱ्यावर फिरवते, आणि ती ताकद प्रत्येकाच्या आत आहे. गावकऱ्यांनी ती मिळून घडवली आणि घडवल्याचं विसरून गेले. सरांनी यावर लेख लिहिले, चर्चासत्रांत निबंध वाचले, पण त्यांचा खरा अभ्यास चालायचा तो वर्गात. दरवर्षी नवी मुलं येत आणि घळीत नवं काहीतरी बघत. एका वर्षी एका मुलाने विद्यापीठाच्या पेपरात त्या प्राण्याचं शिंगासकट वर्णन लिहिलं आणि त्याला भरघोस गुण मिळाले. स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. सर मात्र दिवसभर खूश होते. "म्हणजे परीक्षकानंही घरून आणलं होतं," असं ते भेटेल त्याला सांगत होते.

आमच्या कॉलेजची एक रीत सरांनी पाडली. ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. तोवर कादंबरी जेमतेम अर्ध्यावर आलेली असायची. तेव्हा सर मधली प्रकरणं तशीच सोडून देत आणि टोळ्या निघायच्या आधी शेवटचं प्रकरण वाचून दाखवत. दिवाळीनंतर उरलेल्या मुलांना मधला भाग शिकवत आणि शेवट पुन्हा वाचत. प्राचार्यांनी एकदा विचारलं, हा काय उफराटा कारभार आहे? सर म्हणाले, "साहेब, मधलं राहिलं तर राहू द्या. पण अर्धी भीती घेऊन कुणाला फडावर धाडायचं नाही." प्राचार्यांनी तो तास वेळापत्रकात कायमचा घालून टाकला, आणि निवृत्तीनंतरही सर दरवर्षी तो घ्यायला येत.

त्या शेवटच्या प्रकरणात एक मध्यमवयीन माणूस आईच्या औषधासाठी एकटा घळीतून जातो. आत गारवा असतो, पाण्याचा झरा असतो, एक चिंचेचं झाड असतं. दुसरं काही नसतं. तो औषध घेऊन परत येतो, आई वाचते. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तो मुकाट्याने सगळ्यांबरोबर वळशाच्या वाटेने चालायला लागतो. कुणाला काही सांगत नाही. इथे कादंबरी संपते.

तो का सांगत नाही? यावर दरवर्षी वर्गात भांडणं होत. कुणी म्हणे, गाव विश्वास ठेवणार नाही. कुणी म्हणे, झऱ्याचं पाणी त्याला एकट्याला हवंय. उसाच्या फडावरून मुलांचे सरांना फोन येत. "सर, त्यानं सांगितलं न्हाई ते बराबरच केलं," असं म्हणून कुणीतरी अर्धा तास वाद घालत असे, आणि मागून मुकादमाच्या शिव्या ऐकू येत. सरांनी स्वतः कधीच उत्तर दिलं नाही. विचारलं तर म्हणत, "मला ठाऊक असतं तर मी तुम्हाला कशाला विचारलं असतं?" आम्हाला तो विनय वाटायचा.

सरांच्या स्वभावातली मूल्यं वगैरे मोठे शब्द मला जमायचे नाहीत. मी आमच्या घरची गोष्ट सांगते. बी.ए. झाल्यावर मला एम.ए.ला विद्यापीठात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला जायचं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाही म्हटलं होतं. मी सरांना सांगितलं आणि सर पुढच्याच रविवारी थेट आमच्याकडे आले. त्या दिवसांत आमच्या मेंढ्या बिंदुसरा नदीच्या अंगाला एका शेतात खतासाठी बसवलेल्या होत्या. सर बांधावरून चालत आले आणि आमच्या दोन्ही कुत्र्यांनी त्यांना पाहिलं. पुढचं दृश्य माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे. मराठीचे विभागप्रमुख, हातात छत्री, धोतराचा सोगा सावरत विहिरीच्या कठड्यावर चढून उभे होते.

आबा हसू दाबत आले, कुत्री हाकलली आणि म्हणाले, "सर, तुमी तर कालिजात भीती शिकवता म्हणं. मंग वर कावून चढलाव?"

सर वरूनच म्हणाले, "आबा, ही भीती खोटी न्हाई. हिला दात हायत."

त्या एका वाक्यावर आबा सरांचे झाले. चहा झाला, आणि मग सरांनी विषय काढला. आबा म्हणाले, "पोरगी हुशार हाय, न्हाई कुठं म्हणतो? पर भ्या वाटतं बगा."

"कशाचं?"

"आता कशाचं म्हणून सांगू. तिकडं परमुलूख. एकटी पोरगी. जागा कशी, माणसं कशी."

"हे खरं भ्या हाय," सर म्हणाले. "ह्याला दात हायत. ह्याची सोय करू." आणि त्यांनी केली. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत मी त्यांच्या औरंगाबादच्या बहिणीकडे राहायचं, शनिवारी त्यांचा भाचा मला एस.टी.त बसवून देणार, आणि वाटेत गाडी बदलताना उशीर झालाच तर तिथल्या हॉटेलवाल्याकडे, जो सरांचाच विद्यार्थी, थांबायचं. सगळं त्यांनी आधीच ठरवून आणलेलं होतं. मग विचारलं, "आता अजून काय राहिलं?"

आबा घोंगडीची दशी ओढत बसले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? चेहरा सांगा. नाव घ्या."

आबांनी पुष्कळ विचार केला. गावातले एकेक जण डोळ्यांपुढून गेले असावेत. शेवटी म्हणाले, "आमचे दाजी." दाजी म्हणजे आत्याचे यजमान. आमच्यात त्यांचा शब्द मोठा.

"ते काही बोलले का?"

"बोलले न्हाईत. पर बोलतील."

सर एवढंच म्हणाले की एकदा विचारून तर बघा. ते गेल्यावर आबा दुसऱ्याच दिवशी दाजींकडे गेले. तिथलं आईने नंतर सांगितलं. आबांनी दबकत दबकत विषय काढला, तर दाजी तंबाखू मळत म्हणाले, "मला कावून काय वाटंल? माझी पोरगी शिकत न्हाई, तुझी तर शिकू दे." आबा घरी आले ते माझी ट्रंक कुठे आहे असं विचारतच. मी औरंगाबादला गेले. या लेखाखाली माझ्या नावामागे जे 'प्रा.' आहे ते त्या रविवारचं आहे.

जी भीती खरी आहे तिची सोय करायची आणि जी खरी नाही तिला चेहरा विचारायचा, अशी सरांची साधी वाटणी होती. दोन्हींची गल्लत त्यांनी कधी केली नाही. धीट व्हा, घाबरू नका, असलं कोरडं त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आणि असे हे सर आता घरात बसले होते. झटक्यानंतर काही महिन्यांनी आमच्या कॉलेजात एका निवृत्त सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. सरांना दोन शब्द बोलायला उभं केलं. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्या वाक्यात एक शब्द अडकला. सर थांबले, सभागृह थांबलं, आणि कुणीतरी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. हेतू चांगला होता, पण टाळी चुकीच्या जागी पडली. सर खाली बसले ते बसलेच. त्यानंतर त्यांनी माणसांत बोलणं सोडलं.

गौरवग्रंथाचं सांगायला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. बोलायला फटकळ, पण आमच्यापैकी कितीतरी जण त्यांच्या हातची भाकरी खाऊन पास झालेत. सर भाजी आणायला गेले होते. मी म्हटलं, रस्त्यात कसे दिसले नाहीत? काकू म्हणाल्या, "दिसतील कसे? हल्ली मागच्या गल्लीनं जातात. चौकात विद्यार्थी भेटतात, बोलावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांची भीती काढली, आता स्वतःची पाळलीय. खाऊपिऊ घालतात, अंगणात फिरवतात."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. आमचे सर वळशाच्या वाटेने बाजाराला जात होते.

सर आले. मी ग्रंथाचं सांगितलं, त्यांनी मान हलवली. सत्काराला उत्तर देण्याचं सांगितलं, तर म्हणाले, "ते तेवढं नको. लेखी देतो." मी विषय बदलला. म्हटलं, "सर, टोळ्या निघायला लागल्यात. शेवटचं प्रकरण वाचायचंय. एक तास तुम्ही घ्या."

"तू आहेस की."

"माझ्यानं ती घळ नीट वाचून होत नाही."

"खोटं बोलू नकोस. छान शिकवतेस, मला कळतं सगळं."

मग मी धीर केला. गुरूला असं विचारावं की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "सर, भीती कशाची? चेहरा सांगा."

सर रागावले. माझ्याकडे न बघता पिशवीतली मेथी काढून परातीत टाकायला लागले. काकू आतून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. मग जुडी सोडत सर म्हणाले, "पोरं हसतील."

"कोणती पोरं? नाव घ्या."

ते घेणार कसे? या वर्षीच्या वर्गातलं एकही मूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "बघा, अजून तोंडसुद्धा पाहिलं न्हाई त्यांचं, आणि हसवून मोकळे." सर मेथी निवडत राहिले. मी निघाले तेव्हा म्हणाले, "बघू." सरांच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला कधीच लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गावर जायला निघाले, तर सर फाटकातून आत येत होते. चौकातून, भर रस्त्याने आले होते. इस्त्रीचा सदरा, आणि हातात तेच जुनं पुस्तक. मी काही न बोलता त्यांच्या मागे गेले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग खचाखच भरलेला होता. निम्मी मुलं दोन दिवसांत फडावर जाणार होती. काहींच्या घरची भांडीकुंडी बांधूनसुद्धा झाली होती.

सरांनी वाचायला सुरुवात केली. आवाज थोडा बारीक झाला होता, पण चाल तीच होती. माणूस घळीत उतरतो, तिथे कुणी श्वास घेईना. झरा आला, चिंच आली, औषध आलं, आई वाचली. बाजाराचा दिवस आला आणि तो माणूस वळशाने चालायला लागला. सरांनी पुस्तक मिटलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने दरवर्षीचाच प्रश्न विचारला, "पण सर, त्यानं सांगितलं कावून न्हाई?"

मला वाटलं, सर नेहमीसारखा प्रश्न तिच्याकडेच परतवतील. ते टेबलाला टेकले. म्हणाले, "मी हे इतकी वर्षं शिकवलं, पण मला उत्तर येत नव्हतं. आत्ता आत्ता कळलंय. त्याला लाज वाटली असेल. घळीत काही नव्हतं, हे सांगायचं म्हणजे आपण इतकी वर्षं नसलेल्याच गोष्टीला भीत होतो, हेही सांगावं लागतं. घळ ओलांडायला जेवढा धीर लागतो, त्याच्यापेक्षा जास्त धीर हे सांगायला..."

आणि सर अडकले. 'लागतो' एवढाच शब्द होता, पण तो येईना. ओठ हलत होते. मी शेवटच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. टाळी नको, कुणी टाळी वाजवू नका, एवढंच मनात चाललं होतं.

कुणी वाजवली नाही. कुणी शब्दही पुरवला नाही. ती मुलं नुसती बसून राहिली, पाणी भरायला रांगेत बसावं तशी, सहज. खिडकीतून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. पुढच्या बाकावरची मुलगी हनुवटी तळहातावर टेकवून सरांकडे बघत होती.

"अडकलं बगा," सर म्हणाले.

"अडकू द्या की सर," ती म्हणाली. "आमी हाव."

सर हसले. मग शब्द आला, वाक्य पूर्ण झालं, आणि तास संपल्याची घंटा होऊनही कुणी उठलं नाही. त्यानंतर सर दर आठवड्याला वर्गावर येतात. अधूनमधून अडकतात. त्यांना काही वाटेनासं झालंय आणि मुलांना तर कधी वाटलंच नव्हतं.

सत्कारसमारंभात सर उत्तराचं भाषण करणार आहेत. लेखी नाही, तोंडी. संयोजन समितीला माझी एकच विनंती आहे. आपल्याकडे वक्ता जरा लांबला की व्यासपीठावरून वेळेची चिठ्ठी सरकवायची पद्धत आहे. त्या दिवशी ती चिठ्ठी कुणी लिहू नये. सरांना निरोगी, दीर्घ, भरपूर बोलतं आयुष्य लाभो. त्यांनी चौकातून जावं, भेटेल त्याच्याशी वाद घालावा, काकूंचं ऐकून घ्यावं, आणि बोलता बोलता जिथे थांबावंसं वाटेल तिथे खुशाल थांबावं. आम्ही आहोत.